चीनमधल्या बारावीच्या मुलांचं इंग्रजी ऐकणं आणि वाचणं कसं तपासतात?

मुख्य कसोटी म्हणजे गाओकाओ, जून महिन्यातली विद्यापीठ प्रवेश परीक्षा. इंग्रजीचा पेपर 150 गुणांचा, वेळ दोन तास.

राष्ट्रीय पेपरमध्ये, म्हणजे अनेक प्रांतांत वापरल्या जाणाऱ्या सामायिक पेपरमध्ये, ऐकण्याला 30 गुण असतात: 20 प्रश्न, साधारण 20 मिनिटं. पहिले पाच छोटे संवाद एकदाच ऐकवतात, पुढचे लांब संवाद आणि निवेदनं दोनदा. सुरुवातीला एक नमुना प्रश्न असतो: शर्टाची किंमत किती? उत्तर नऊ पौंड पंधरा पेन्स. वर्षानुवर्षं हाच प्रश्न, त्यामुळे तिथल्या पिढ्यांना तो तोंडपाठ आहे. ऐकण्याच्या वेळेत परीक्षा केंद्राजवळ हॉर्न आणि बांधकाम बंद ठेवतात. इंग्रजीच्या पेपरला सुरू होण्याच्या 15 मिनिटं आधी पोचावंच लागतं, नंतर आत घेत नाहीत. एका मिनिटासाठी वर्षाची मेहनत जाते, हे मला फार कठोर वाटतं.

वाचनाला 50 गुण. चार उतारे, त्यांवर 15 प्रश्न. पहिला बहुधा जाहिरात किंवा माहितीपत्रकासारखा सोपा, शेवटचे अवघड. मग एका उताऱ्यात पाच रिकाम्या जागा आणि सात वाक्यं. दोन वाक्यं फसवी. हा भाग मला सगळ्यात चांगला वाटतो, कारण इथे शब्दार्थ पाठ असून भागत नाही, आधीच्या वाक्याचा धागा पकडावा लागतो.

बोलणं मात्र बहुतेक ठिकाणी या गुणांत धरत नाहीत. ग्वांगडोंग प्रांतात संगणकावर ऐकण्या-बोलण्याची वेगळी परीक्षा होते. ती सगळीकडे व्हायला हवी.