माणूस पाण्यावाचून मरतो, हिऱ्यावाचून नाही; तरी हिराच महाग का?

तुम्ही म्हणता, घटत्या सीमांत उपयोगितेचा नियम (वस्तू जितकी जास्त मिळत जाते, तितका तिच्या पुढच्या नगाचा उपयोग कमी वाटतो) बारावीपासून पाठ आहे, पण त्यातून पाणी स्वस्त आणि हिरा महाग हे कसं निघतं ते कळत नाही. मलाही कॉलेजात कळलं नव्हतं. पुण्यात वाघोलीकडच्या आमच्या सोसायटीचा खजिनदार झालो तेव्हा कळलं.

उन्हाळ्यात आम्हाला रोज दहा हजार लिटरचे चार टँकर लागतात. एका एप्रिलमध्ये तीनच येऊ लागले. कुणाचा घसा कोरडा पडला नाही. लिफ्टशेजारी फक्त पाटी लागली, 'गाड्या पाइपने धुऊ नयेत'. दोनवर आलो तेव्हा बाग वाळली आणि वॉशिंग मशीन एक दिवसाआड लागू लागलं. एकच आला त्या दिवशी पाणी बादलीनं वाटलं, आणि टँकरवाल्यानं मागितले तेवढे पैसे मी मुकाट्यानं दिले. चार टँकरच्या दिवसांत याच माणसाशी पन्नास रुपयांवरून हुज्जत घालायचो!

पाणी तेच. पण चारांतला एक कमी झाला तर जाणार काय? गाड्यांची चकाकी. म्हणून माझ्या लेखी एका टँकरचं मोल तेवढंच. आणि 'हा पिण्याचा, हा गाडीचा' असं टँकरवर लिहिलेलं नसल्यानं चारही एकाच भावानं येतात. थोडक्यात, पिण्याचं पाणीही आपल्याला गाडी धुण्याच्या भावात मिळतं. हा जो दिलेल्या पैशांहून जास्तीचा फायदा, त्यालाच पुस्तकात उपभोक्त्याचं संतोषाधिक्य म्हणतात.

ॲडम स्मिथनं १७७६ साली हे कोडं मांडलं, पण वस्तूची एकूण उपयोगिता आणि शेवटच्या नगाची उपयोगिता त्यानं वेगळी काढली नाही. ती फोड १८७१ मध्ये इंग्लंडात जेव्हन्स आणि व्हिएन्नात मेंगर या अर्थशास्त्रज्ञांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे केली.

हिऱ्याच्या बाबतीत बहुतेक घरं अजून पहिल्या टँकरवरच आहेत, इतकंच. पुरवठा वाढू द्या, मग बघा. प्रयोगशाळेत वाढवलेले हिरे आले आणि त्यांचे भाव कोसळले. चमक तीच, कार्बनही तोच. लक्ष्मी रोडवरच्या सराफांकडे सहज चौकशी करून या.

एक गोष्ट मात्र पुस्तकातल्या, उपयोगिता २०, १८, १६ अशी उतरत जाणाऱ्या तक्त्यात सापडणार नाही. नियम एका माणसापुरता आहे. माझ्या तुळशीचं पाणी मोठं की तिसऱ्या मजल्यावरच्या काकांच्या गाडीचं, हे मोजायची पट्टी अर्थशास्त्राकडे नाही. पाटी लागल्यावरही काका पहाटे पाचला पाइप लावताना सापडले. त्यावरची मीटिंग रात्री साडेअकरापर्यंत चालली, आणि चहा दोनदा झाला.