नंबर नसलेली रांग

"ताई, मी नाशिकची. बारावी सायन्स दिली आहे, निकाल यायचाय. अमेरिकेतल्या ज्या विद्यापीठावर माझा जीव होता, त्यांनी मार्चअखेरीस मला वेटलिस्टवर टाकलं. दुसऱ्या एका विद्यापीठाने प्रवेश दिलाय, पण तिथे ४०० डॉलर डिपॉझिट १ मेपर्यंत भरायचंय. ते भरलं तर पहिल्याची आशा मीच सोडली असं होईल ना? रात्री तीनला उठून पोर्टल बघते. बाबा म्हणतात, आमदारांचं पत्र आणू का? आत्या रोज विचारते, कितवा नंबर आहे? काय करू? – अधांतरी"

प्रिय अधांतरी,

डिपॉझिट भर, आणि याच आठवड्यात भर. त्याने वेटलिस्टवरचं तुझं नाव जात नाही. एकीकडे वेटलिस्टवर राहायचं आणि दुसरीकडे जागा पक्की करायची, ही तिकडची रीतच आहे. वेटलिस्टवर टाकणारी विद्यापीठं स्वतःच तसं सुचवतात. दोन ठिकाणी 'येते' म्हणून दोन डिपॉझिटं भरणं मात्र चालत नाही, ते उघडकीला आलं तर दोन्ही जागा जाऊ शकतात. तू तसं करत नाहीयेस, तेव्हा मनावरचं ते ओझं उतरव.

शेवटच्या दिवसावर ठेवू नकोस. १ मे म्हणजे महाराष्ट्र दिन, बँका बंद. कार्डावर परदेशी व्यवहार बहुतेक वेळा बंद असतात, ते बँकेच्या ॲपमध्ये जाऊन आधी चालू करावे लागतात आणि मर्यादाही वाढवावी लागते. पैसे भरल्याची पावती लगेच उतरवून ठेव. पुढे वेटलिस्टवरून बोलावणं आलं तर हे ४०० डॉलर बहुधा परत मिळणार नाहीत. घरात हे आजच सांग, म्हणजे तेव्हा वाद नको.

आत्याच्या डोळ्यापुढे रेल्वेचं वेटिंग आहे: बारावा नंबर, वरचे गळाले की आपला डबा. अमेरिकेतल्या बहुतेक विद्यापीठांच्या वेटलिस्टला नंबरच नसतो. १ मे उलटला की ते डिपॉझिटं मोजतात. कुठल्या शाखेत, कुठल्या भागातून मुलं कमी आली ते बघतात आणि ती खोट भरून काढणारे विद्यार्थी यादीतून उचलतात. इंजिनिअरिंगला जागा उरल्या तर इंजिनिअरिंगवाली मुलं, वर्ग भरला असेल तर कुणीच नाही. तू कमी पडलीस का, हा प्रश्न तिथे कुणी विचारतच नाही. वेटलिस्टवरून कुणाला बोलावलं की त्याची आधीची जागा रिकामी होते, तिथली वेटलिस्ट हलते, आणि ही साखळी मे-जूनभर चालते, क्वचित जुलैतही.

आपल्या विद्यापीठाचा अंदाज हवा असेल तर त्याच्या नावापुढे 'कॉमन डेटा सेट' (विद्यापीठ दरवर्षी स्वतःच प्रसिद्ध करतं तो आकड्यांचा तक्ता) लिहून शोध. त्यातल्या सी-२ या भागात वेटलिस्टवर किती जणांना टाकलं, किती जण थांबायला तयार झाले आणि शेवटी किती जणांना घेतलं, हे आकडे असतात. नंबर लावतात की नाही, हेही तिथेच. तीन-चार वर्षांचे आकडे शेजारी शेजारी मांड. एखाद्या वर्षी शेकडो घेतलेले दिसतील, एखाद्या वर्षी एकही नाही. हा तक्ता आई-बाबांनाही दाखव.

आता तुझ्या हातात काय आहे ते. पोर्टलवर 'वेटलिस्टवर राहायचंय' असा होकार द्यावा लागतो. तो दिलाय का, आधी तपास. न दिल्यामुळे आपोआप बाहेर पडलेली मुलं असतात. मग तिथली सूचना नीट वाच. जादा काही पाठवू नका असं लिहिलं असेल तर खरंच काही पाठवू नकोस. परवानगी असेल तर एकच पत्र, तीनशे शब्दांच्या आसपास: अर्जानंतर नवीन काय घडलं, तिथला नेमका कुठला अभ्यासक्रम तुला हवाय आणि का, आणि शेवटी 'प्रवेश मिळाला तर मी नक्की येईन.' हे शेवटचं वाक्य पैशांसकट खरं असेल तरच लिही. अर्जातला निबंध पुन्हा उगाळू नकोस, गयावया करू नकोस. बारावीचा निकाल हे तुझं पुढचं निमित्त. २०२५ मध्ये तो ५ मेला लागला होता, २०२४ मध्ये २१ मेला, म्हणजे नेमका यादी हलण्याच्या दिवसांत. निकाल लागला की गुणपत्रिका दोन ओळींसह पाठव आणि थांब.

बाबांना सांग, आमदारांचं पत्र नको. तिकडच्या प्रवेश समितीला त्यातून तुझ्याविषयी काहीच नवीन कळत नाही. शाळेच्या किंवा कॉलेजच्या समुपदेशकाने एक मेल पाठवला तर तो वाचतात. आणि 'वेटलिस्टमधून काढून देतो' म्हणत कुणी पैसे मागितले तर त्याला दारातूनच परत पाठवा. असं काही काढून देता येत नाही.

व्हिसाचं काम वेटलिस्टसाठी थांबवू नकोस. डिपॉझिट भरलेल्या विद्यापीठाकडून आय-२० (विद्यार्थी व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो दाखला) घे, ३५० डॉलरची सेव्हिस फी (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची फी) भर, मुंबईच्या मुलाखतीची तारीख शोध. मुलाखतीआधी विद्यापीठ बदललं तर नवीन आय-२० येईल, आणि भरलेली सेव्हिस फी त्यावर वळवून घेता येते. व्हिसा मिळाल्यावर बदललं तर तिकीट काढण्याआधी नव्या विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला विचार, कारण व्हिसावर जुन्या विद्यापीठाचं नाव असतं.

आता रात्रीचं. विद्यापीठ पूर्व किनाऱ्यावरचं असेल तर तिथलं सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच म्हणजे सध्या आपलं संध्याकाळी साडेसहा ते रात्री अडीच. तीनला तू उठतेस तेव्हा ते ऑफिस नुकतंच बंद झालेलं असतं, आणि जे यायचं ते सकाळच्या चहापर्यंत तिथेच राहतं. रोज सकाळी एकदाच बघ. रविवारी आणि सोमवारी सकाळी तर बघूच नकोस, आदल्या दिवशी तिथे शनिवार-रविवारची सुट्टी असते. मेलचा स्पॅम तेवढा चाळ. आत्याला, डिपॉझिट भरलं की, 'प्रवेश झालाय, ऑगस्टमध्ये जाणार' एवढं सांग. ते खरंच असेल.

बोलावणं आलंच तर मेलने येईल किंवा रात्री परदेशी नंबरवरून फोन येईल, आणि उत्तराला कधी कधी दोन-तीनच दिवस मिळतात. फोनवर लगेच हो म्हणू नकोस. तीन गोष्टी विचार: शिष्यवृत्ती किती, वसतिगृहात जागा आहे का, उत्तर कधीपर्यंत द्यायचं. वेटलिस्टच्या मुलांपर्यंत मदतीचा पैसा अनेकदा संपलेला असतो, म्हणून चार वर्षांचा खर्च दोन्हीकडचा मांडायचाच. सगळं मेलवर लिहून मागव, ते वाच, आणि मग आई-बाबांना उठव.