शिकवायला लागल्यापासून स्वतःचं काम होत नाही

समुपदेशनासाठी आलेल्या या ताईंचं घर मातीकामावर चालतं. कॉफीचे मग, वाट्या, फुलदाण्या घडवायच्या आणि विकायच्या. विक्रीचा भरवसा नाही म्हणून त्यांनी आठवड्यातून दोन वर्ग सुरू केले, प्रत्येकी दोन तासांचे, आठ-आठ जणांचे. वर्ग भरले, पण स्वतःचं काम मागे पडत गेलं. "आठवड्याला चारच तास शिकवते, तरी चाकावर बसायला वेळ मिळत नाही. मी आळशी झालेय का? शिकवणं सोडून देऊ का?" (ओळख कळू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

हाताच्या कामावर जगणारे आणि शिकवणारे बरेच जण हेच विचारतात, आणि बहुतेक जण दोष स्वतःलाच देतात. म्हणून आधी हिशोब बघायचा. ताईंना दोन आठवडे वही ठेवायला सांगितली: मातीचं कुठलंही काम केलं की वेळ लिहायची, आणि ते कोणासाठी केलं तेही.

वर्गाआधी माती मळून अर्ध्या-अर्ध्या किलोचे गोळे करायचे. वर्गानंतर ओली भांडी प्लास्टिकखाली झाकायची आणि दुसऱ्या दिवशी प्लास्टिक सैल करायचं, कारण कडा लवकर वाळली आणि तळ ओला राहिला तर तडा जातो. फरशी ओल्या फडक्यानेच पुसायची. झाडू मारला तर सिलिकाची धूळ उडून फुप्फुसात जाते, त्यामुळे इथे वेळ वाचवायचा नाही. शिवाय उरलेली माती भिजवणं, प्लास्टरच्या लादीवर घट्ट करणं, भट्टी लावणं आणि उतरवणं. एका वर्गामागे असे वरचे सुमारे पाच तास. म्हणजे चार तासांचे चौदा होत होते. यात आळसाचा काही संबंध नव्हता.

सगळ्यात जास्त वेळ भट्टी खात होती. सोळा जण, प्रत्येकाची तीन भांडी, म्हणजे आठवड्याला अठ्ठेचाळीस, आणि प्रत्येक भांडं दोनदा भाजायचं: एकदा कच्चं, एकदा ग्लेझ (काचेसारखा चकचकीत लेप) लावून. नवशिक्यांचे तळ दीड-दोन सेंटीमीटर जाड असतात. भांडं वरून वाळलेलं दिसतं, आत ओल असते. तापमान शंभर अंशांच्या पुढे गेलं की त्या पाण्याची वाफ होते आणि भांडं फुटतं, शेजारची भांडीही घेऊन जातं. दोष हवेच्या बुडबुड्याला दिला जातो, पण खरं कारण ओल असते. म्हणून ताई प्रत्येक कच्ची भाजणी ऐंशी-नव्वद अंशांवर रात्रभर थोपवून धरत, आणि त्यांच्या स्वतःच्या वाट्या रांगेत थांबून राहत.

पहाटे उठून दोन तास चाकावर बसायचं, असा बेत त्यांनी स्वतःच मांडला. आम्ही तो मोडून काढला. थकलेल्या माणसाच्या दिवसात आणखी तास कोंबून हे सुटत नाही. वर्गातून भट्टीत जाणारी भांडी कमी करायला हवीत.

सुचवलं ते असं. सहा आठवड्यांची तुकडी. पहिले तीन आठवडे एकही भांडं ठेवायचं नाही. चाकावरून उतरवण्याआधीच तारेने उभं कापायचं. भिंत कुठे जाड राहिली, तळ किती सोडला, हे त्या कापात लगेच दिसतं. शिकण्याच्या दृष्टीने हा काप भाजलेल्या वेड्यावाकड्या वाटीपेक्षा कितीतरी मोलाचा आहे, आणि माती ओलीच असल्यामुळे पुन्हा वापरायला सोपी. शेवटी प्रत्येकाची दोनच भांडी भाजायची. सहा आठवड्यांत मिळून बत्तीस.

इथे ताई अडखळल्या. "लोक पैसे देतात ते घरी काहीतरी न्यायला. नाराज झाले तर?" खरी गाठ इथे होती. फी घेतली म्हणजे प्रत्येक आठवड्याला हातात वस्तू दिलीच पाहिजे, हे ओझं त्यांनी स्वतःच घेतलं होतं. विद्यार्थ्यांनी ते कधी मागितलं नव्हतं. पहिल्याच दिवशी नियम आणि त्याचं कारण सांगायचं, भाजणीचे पैसे फीमध्ये न मिसळता वेगळे घ्यायचे, असं ठरलं. पुढच्या तुकडीत एक जण सोडून गेला, बाकीचे राहिले.

दुसरा बदल वारांचा. वर्ग आठवड्यात दोन ठिकाणी विखुरले होते. कॉफीच्या मगचं काम तुटक होत नाही: आज घडवायचा, उद्या तळ तासायचा, आणि भांडं व त्याचा कान (धरायची मूठ) दोन्ही सारखेच ओले असताना जोडायचे. मध्ये वर्ग आला की भांडं जास्त वाळतं, ओला कान त्यापेक्षा जास्त आकसतो आणि जोडावर तडा येतो. आता दोन्ही वर्ग लागोपाठच्या दिवशी आहेत आणि उरलेले दिवस सलग मिळतात. विद्यार्थ्यांची भाजणी वेगळी, त्यांच्या भांड्यांना तळापासून अर्धा सेंटीमीटर ग्लेझ नाही, म्हणजे ते ओघळून भट्टीच्या फळीला चिकटत नाही.

विद्यार्थी उद्या स्पर्धक होतील, ही भीतीही बोलण्यात आली. सहा आठवड्यांत कोणी एकसारखे वीस मग काढायला लागत नाही. ताईंनाही ते ठाऊक होतं.

मोठी ऑर्डर आली तर पुढची तुकडी उशिरा सुरू करायची, चालू तुकडी मध्येच थांबवायची नाही, हे त्यांनी स्वतः ठरवलं. त्यासाठी दोन तुकड्यांमध्ये दोन आठवडे मोकळे ठेवलेत, आणि त्या काळात भट्टीत फक्त त्यांचंच काम लागतं.