फायबर पंचायतीत आलं, घरात कधी?

प्रश्न: आमचं गाव केज तालुक्यात. पंचायतीत इंटरनेटच्या फायबरचा डबा आहे पण लाईट गेली की बंद, बॅटरी कधीचीच मेलीय, पोरं फॉर्म भरायला टेकाडावर जातात. हे काम सरकारचं की कंपन्यांचं?

उत्तर: दादा, सुरुवात सरकारनंच करायची, वस्त्या लांब लांब, गिऱ्हाईक कमी, कंपनी कशाला खोदकाम करेल? म्हणूनच २०११ ला मंजूर झालेल्या, पुढं भारतनेट म्हणून ओळखल्या गेलेल्या योजनेत पंचायतीपर्यंत फायबर सरकारी निधीतून, आणि तो निधी कंपन्यांच्या महसुलावरच्या ५ टक्के आकारणीतून, म्हणजे आपल्याच रिचार्जमधून येतो. पंचायतीपासून घरापर्यंत मात्र गावातला केबलवाला पोरगाच बरा, वायर तुटली तर तासाभरात येतो. ग्रामसभेत बॅटरीचा विषय लेखी द्याच.