लॅडलला कोटिंग का लावायचं

भावा, अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि लोखंड १५३८ ला, मग लोखंडी लॅडलला, म्हणजे वितळलेला धातू उपसून ओतायच्या पळीला, कोटिंग कशाला, असं तू विचारलंस. लोखंड वितळत नाही, पण वितळलेल्या अ‍ॅल्युमिनियममध्ये विरघळतं, चहात साखर विरघळावी तसं. लॅडल झिजतो ते सोड. खरं नुकसान कास्टिंगचं, म्हणजे साच्यात ओतून केलेल्या भागाचं. त्यात सुयांसारखे कडक कण तयार होतात नि तो भाग ठिसूळ होतो.

जुनी खपली वायर ब्रशनं काढ. लॅडल इतका तापव, की पाण्याचा थेंब चरचरून उडेल. मग झिर्कॉनच्या नाहीतर बोरॉन नायट्राइडच्या, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या कोटिंगचा पातळ हात दे. जाड थर सोलतो.

आणि पावसाळ्यात, कोल्हापूरजवळच्या आपल्या शिरोलीच्या दमट हवेत, रात्रभर ठेवलेला लॅडल भट्टीच्या तोंडाशी पुन्हा तापवल्याशिवाय बुडवूच नकोस. ओलीची वाफ होते नि धातू अंगावर उडतो. माझ्या मनगटावरचा डाग त्याचाच आहे.