घरच्या कॉम्प्युटरवर अँटीव्हायरस आहे, मग व्हायरस आणि हॅकरची भीती नाही ना?

अँटीव्हायरस हवाच, पण तेवढ्यावर निर्धास्त राहू नका. कोपऱ्यातली हिरवी खूण इतकंच सांगते की तो चालू आहे. आत काही शिरलेलंच नाही, याची ती हमी नव्हे.

मला खरी काळजी वाटते ती पुढे ढकललेल्या अपडेटची. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा व्हायरस सुमारे १५० देशांत पसरला. फायली लॉक करायचा आणि बिटकॉइनमध्ये खंडणी मागायचा. विंडोजमधल्या ज्या फटीतून तो पसरला, ती बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं! ज्यांनी ते टाकलं नव्हतं, त्यांनाच झळ बसली. आणि अजून विंडोज १० वापरत असाल तर त्याचा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे अशी अपडेट देणं, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, हे लक्षात घ्या.

फसव्या पानावर आपणच पासवर्ड टाकला तर अँटीव्हायरस तरी काय करणार? ईमेलला वेगळा पासवर्ड ठेवा, टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर फोनवरचा कोडही विचारणं) लावा. ईमेल हातचा गेला की बाकीच्या खात्यांचे पासवर्डही तिथूनच बदलले जातात.

फोटोंची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या आणि काम झालं की केबल काढा. जोडलेली राहिली तर रॅन्समवेअर, म्हणजे वॉनाक्रायसारखा खंडणी मागणारा व्हायरस, तीही लॉक करू शकतो.