जुन्या, कमी खर्चातील कुंग फू चित्रपटाची ब्लू-रे डिस्क कशी पारखावी?

‘द मिस्ट्री ऑफ चेस बॉक्सिंग’ हा १९७९ सालचा तैवानी चित्रपट ज्यात आहे, तो दिग्दर्शक जोसेफ कुओ यांच्या चित्रपटांचा ब्रिटिश ब्लू-रे संच घ्यावा का, असे आपण विचारले आहे. एका परीक्षणात चित्र दाणेदार आहे, मधूनमधून ओरखडे दिसतात आणि रंग एकसारखे नाहीत असे वाचल्यामुळे आपण थांबला आहात. त्या परीक्षकाने नको त्या गोष्टी तपासल्या, असे माझे स्पष्ट मत आहे.

मी कोल्हापुरातील एका तालमीत मर्दानी खेळ शिकलो. लाठी आणि पट्टा हे माझे विशेष. व्हीसीडीच्या काळात हाच चित्रपट मी बाजारातून आणला आणि तालमीतील काही जणांना घरी बोलावून दाखवला. आमचे वस्तादही आले होते. ती डिस्क टीव्हीच्या जुन्या चौकोनी पडद्यासाठी कापलेल्या प्रतीवरून काढलेली होती. मूळ चित्रपट २.३५ : १ या रुंद चौकटीत चित्रित झालेला आणि पडदा १.३३ : १ मापाचा, म्हणजे रुंदीचा ४० टक्क्यांहून अधिक भाग पडद्याबाहेर गेलेला. रुंद चौकटीचा उपयोग करून दिग्दर्शक दोन लढवय्यांना दोन टोकांना उभे करतो. कापलेल्या प्रतीत त्यांपैकी एकच उरतो, किंवा चौकट एकाकडून दुसऱ्याकडे सरकवली जाते, किंवा मुळात एकसंध असलेल्या दृश्याचे दोन तुकडे करून ते एकापुढे एक जोडले जातात. वस्तादांनी काही वेळ शांतपणे पाहिले आणि म्हणाले, “मारणारा दिसतोय, पण खाणारा कुठाय? एकट्यानं हवेत हात फिरवायला काय लागतंय?” एवढे बोलून ते उठून गेले.

त्या दिवसापासून माझे एक गुरुबंधू हे वाक्य प्रमाण मानून चालतात. कुंग फू चित्रपटांत कौशल्य नसतेच, सगळी कात्रीची करामत असते, वस्तादांनीच तसा निकाल दिला आहे, असे ते तालमीतल्या नव्या मुलांनाही सांगतात. मला हे कधीच मान्य झाले नाही, कारण वस्तादांचा निकाल चित्रपटावर नव्हता, त्या डिस्कवर होता. त्यांची कसोटी मात्र अचूक होती आणि कोणतीही डिस्क पारखताना मी आजही तीच लावतो: वार करणारा आणि वार झेलणारा दोघेही डोक्यापासून पायापर्यंत एकाच चौकटीत दिसले पाहिजेत आणि पवित्रा मध्येच तुटता कामा नये.

अशा चित्रपटात पैसा कुठे गेला आहे, हे पाहावे. मोठे महाल नाहीत, भव्य सेट नाहीत; मोकळे माळ, एखादे अंगण आणि माणसे. त्या काळातील अनेक कलाकार पेकिंग ऑपेरा या पारंपरिक चिनी नाट्यप्रकाराच्या कठोर शाळांतून तयार झालेले होते आणि निर्मात्याकडे दाखवण्यासारखे धन म्हणजे त्यांची शरीरे. मार्क लाँग यांनी रंगवलेला घोस्ट फेस्ड किलर पहा. धातू, लाकूड, पाणी, अग्नी आणि माती या पंचतत्त्वांच्या शैलीने तो लढतो, आणि त्याच्यावर मात करायची ती चिनी बुद्धिबळातील डावपेच आत्मसात करून. अमेरिकेतील वू-टँग क्लॅन या गटातील घोस्टफेस किला या रॅप गायकाने आपले नाव याच खलनायकावरून घेतले. शैलींमधील हा फरक पायांच्या हालचालींत आणि दोघांमधल्या अंतरात आहे. अंतरच कापले, तर चित्रपटात उरते काय?

दाणे हा दोष नव्हे. ३५ मिमी फिल्मवरील प्रतिमा दाण्यांनीच बनलेली असते. ते पुसण्यासाठी जी संगणकीय सफाई करतात, ती एका फ्रेमची पुढच्या फ्रेमशी तुलना करून जे बदलते आहे त्यातले बरेच ‘खराबी’ समजून काढून टाकते. आणि कुंग फूमध्ये सर्वांत वेगाने बदलणारी गोष्ट म्हणजे लढणाऱ्याचा हात. परिणामी चेहरे मेणासारखे गुळगुळीत होतात आणि तळहात हवेत विरघळतो. ओरखड्यांचेही तसेच. या प्रकारच्या चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह अनेकदा उरलेल्या नसतात, चित्रपटगृहांत फिरून झिजलेल्या प्रतींवरून काम करावे लागते, आणि रिळाच्या सुरुवातीला व शेवटी ओरखडे अधिक असणे स्वाभाविक आहे. ओरखड्यामागे पूर्ण पवित्रा दिसत असेल, तर मला तक्रार नाही.

गतीकडे मात्र काटेकोर लक्ष द्यावे. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेम्सचा असतो. जुन्या युरोपीय पद्धतीच्या डीव्हीडीवर तो २५ने चालवल्यामुळे सुमारे ४ टक्के वेगवान होतो, आणि मारामारीची दृश्ये मुळातच थोड्या कमी गतीने चित्रित करून पडद्यावर जलद केलेली असल्यामुळे ही वाढ हास्यास्पद ठरते. त्याहून वाईट म्हणजे अमेरिकी पद्धतीची प्रत युरोपीय पद्धतीत बदलताना केलेली फ्रेम्सची सरमिसळ; तीत एका हाताचे दोन धूसर हात होतात. चित्र थांबवून पाहिल्यास हे लगेच कळते.

ध्वनीबाबत थोडक्यात. हे चित्रपट बहुधा आवाजाशिवाय चित्रित होऊन नंतर डब केले जात, त्यामुळे मँडरिन ही चिनी भाषाच ‘खरी’ आणि इंग्रजी डब भ्रष्ट, हा वाद मी निरर्थक मानतो. मूळ मोनो, म्हणजे एकाच वाहिनीचा, ध्वनी असावा, फटक्यांचे आवाज नव्याने भरलेले नसावेत, एवढे पुरे.

तेव्हा संच घ्यावा. त्यातील चेस बॉक्सिंगच्या डिस्कवर चित्रपट पूर्ण रुंदीत आहे, आणि शेवटच्या लढतीत वृद्ध गुरू व तरुण शिष्य मिळून एकट्या खलनायकाला भिडतात तेव्हा तिघांची पावले एकत्र वाचता येतात. वस्ताद ज्याला लढत म्हणत, ती हीच. संचातील सगळे चित्रपट याच तोडीचे आहेत असे मी म्हणणार नाही, आणि याही चित्रपटातला स्वयंपाकघरातील विनोद लांबला आहे. नुसती कथा हवी असणाऱ्याने एवढा खर्च करू नये.

हे आधीच सांगायला हवे होते: ब्लू-रे डिस्क बऱ्याचदा जगाच्या एका ठरावीक विभागातील प्लेअरवरच चालते; भारत सी विभागात येतो आणि ब्रिटन बी विभागात. आपला प्लेअर सर्व विभागांच्या डिस्क चालवतो का, हे आधी तपासावे, तसेच सीमाशुल्कही हिशेबात धरावे. टीव्हीमधील हालचाल गुळगुळीत करणारी सुविधा बंद करावी, नाहीतर उत्तम डिस्कवरही तळहात विरघळलेलाच दिसेल. माझ्या गुरुबंधूंच्या घरी ती सुविधा कायम सुरू असते आणि चित्रही पडदा भरेल असे ताणलेले असते. अशा पडद्यावर ही डिस्क पाच मिनिटे पाहून त्यांनी आपला जुना निकाल पुन्हा ऐकवला. तो निकाल मी मानत नाही, आणि आपणही अशा पडद्यावर डिस्क पाहणाऱ्या कोणाच्या परीक्षणावरून ती नाकारू नये.